स्मृतिभ्रंशाचा आरंभ आणि गोष्टीचा धागा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांनी सुचवलेला विषय होता ‘म्हातारपणीचे आजार’. मी त्यांना म्हटले, एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी उभा राहिलो तर पहिल्या चार रांगा उठून जातील. कारण त्या रांगांतील मंडळी हा विषय माझ्यापेक्षा अधिक जाणतात. शेवटी तडजोड झाली. एकाच आजाराच्या एकाच अंगाविषयी बोलावयाचे. स्मृतिभ्रंश, ज्याला आम्ही डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतो, त्याच्या अगदी आरंभी माणसाच्या बोलण्याचे काय होते, आणि विशेषतः गोष्ट सांगण्याच्या त्याच्या शक्तीचे काय होते, एवढेच मी आज सांगणार आहे. मी गावातला साधा डॉक्टर आहे, मेंदूचा तज्ज्ञ नव्हे. या विषयाकडे मला पुस्तकांनी वळवले नाही, माझ्या आत्याने वळवले; आणि तेही फार उशिरा.

आत्या आमच्याच वाड्यात मागच्या बाजूला राहत असे. आतोबा लवकर वारले, मूलबाळ नव्हते. श्रावणातल्या कहाण्या ही तिची मिरास. पुस्तक समोर उघडे असे, पण ते केवळ रीत म्हणून; पान कधी उलटत नसे. आळीतल्या दहा-बारा बायका हातात अक्षता घेऊन तिच्यापुढे बसत, आणि राणी रागावली की आत्याचा आवाज चढे, म्हातारी बोलू लागली की तो कापे. लहानपणी मी पुरणापेक्षा त्या कहाणीची अधिक वाट पाहत असे.

२०११ सालच्या श्रावणातला एक शुक्रवार. जिवतीची कहाणी चालली होती. आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक आहे, तरी पुढे तिच्याशी काम पडणार आहे म्हणून थोडक्यात सांगतो. राजाच्या राणीला मूल नसते. ती एका सुईणीला हाताशी धरते, आणि सुईण एका गरीब ब्राह्मणीचे नुकतेच जन्मलेले मूल उचलून राणीकडे पोचवते. ब्राह्मणीला सांगते, तुला वरवंटा झाला. मूल राजवाड्यात वाढते. खरी आई जिवतीची भक्ती करीत राहते, आपला मुलगा कुठे आहे हे ठाऊक नसताना अक्षता उडवते, आणि त्या नेमक्या त्याच्याच अंगावर जाऊन पडतात. शेवटी आईला पान्हा फुटतो आणि ओळख पटते. म्हणजे या कहाणीचे सारे मर्म दोन बायकांत आहे : एक जन्म देणारी, एक मूल पळवणारी. ऐकणाऱ्याच्या मनात त्या दोघी शेवटपर्यंत वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

त्या दिवशी आत्या वरवंट्यापाशी येऊन अडली. “सुईणीने तिथे ते ठेवलं... ते हे... वाटायचं ते.” शेजारच्या काकूंनी शब्द पुरवला. आत्या “हो, तेच ते” म्हणाली आणि पुढे निघाली. पण तो शब्द तिने स्वतः काही उच्चारला नाही. मग राणी आणि ब्राह्मणी दोघीही ‘ती’ झाल्या. तिने तिला सांगितले, तिने त्याला नेले, मग ती रडली, मग ती त्याला म्हणाली. अक्षता कोणी उडवल्या आणि पान्हा कोणाला फुटला, काही उमगेना. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि मग एकाएकी, पूल वाहून गेला असताना पलीकडचा रस्ता मात्र जसाच्या तसा असावा, तसा कहाणीचा ठरलेला शेवट तिच्या तोंडून खणखणीत आला. एक अक्षर इकडचे तिकडे नाही.

मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत होतो. सगळे ऐकले. मनात म्हटले, उपासाने थकली आहे. माझ्या दवाखान्याला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. आत्याला घेऊन मी तज्ज्ञाकडे गेलो तो २०१३ च्या दिवाळीनंतर. मधली दोन वर्षे कुठे गेली असा जाब मला घरात कोणी विचारला नाही. म्हणून तो आज आपल्यापुढे देतो आहे.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या लोकांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत. त्यांत सर्वांत अधिक आढळतो तो अल्झायमरचा आजार, आणि आज मी बोलतो आहे ते मुख्यतः त्याविषयी.

या आजाराची पहिली नोंद झाली तीच मुळी एका संभाषणाच्या रूपाने. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी आलोईस अल्झायमर या डॉक्टरापुढे ऑगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई बसली होती. त्याने नाव विचारले. ती म्हणाली, ऑगुस्ट. आडनाव? ऑगुस्ट. नवऱ्याचे नाव? बहुधा ऑगुस्ट. दुपारी ती डुकराचे मांस आणि फुलकोबी खात होती. काय खाता आहात असे विचारल्यावर म्हणाली, पालक. अल्झायमरने हे प्रश्न आणि उत्तरे तशीच्या तशी टिपून ठेवली. १९०६ साली ती बाई वारली. त्याच वर्षी त्याने तिच्या मेंदूची तपासणी ट्यूबिंगनच्या सभेत मांडली, आणि १९१० साली क्रेपेलिन या त्याच्या वरिष्ठाने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्याचे नाव दिले. ते मूळ टिपण पुढे हरवले होते; ते फ्रँकफुर्टलाच १९९५ साली पुन्हा सापडले.

हे टिपण मी प्रथम वाचले तेव्हा मला आत्याची तपासणी आठवली. तिलाही त्या तरुण तज्ज्ञाने नवऱ्याचे नाव विचारले होते. आत्या लाजली आणि खाली पाहू लागली. त्यांनी कागदावर ‘नाव सांगता येत नाही’ असे लिहायला घेतले. मी म्हटले, थांबा डॉक्टर, या पिढीची बाई ठणठणीत असतानाही नवऱ्याचे नाव असे सांगणार नाही. उखाणा घ्यायला सांगा. आत्याने उखाणा घेतला, आणि आतोबांचे नाव यमकासकट बाहेर आले. डॉक्टर हसले, मीही हसलो. पाच मिनिटांनी मी तिला हळूच म्हटले, “आत्या, आता नुसतं नाव सांग, इथे कोणी नाही.” ती पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहत राहिली. नाव काही आले नाही. उखाण्यात होते, उखाण्याबाहेर नव्हते.

या एका गोष्टीत आरंभीच्या काळातली सारी फसगत भरलेली आहे. आपण बोलतो त्यातला मोठा भाग साच्यातला असतो. नमस्कार-चमत्कार, ‘या, बसा, चहा टाकू का’, म्हणी, श्लोक, पाढे, आरत्या, शिव्यासुद्धा. हे सारे घडीव आहे आणि ते अखंड बाहेर येते. त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. आजार प्रथम घाला घालतो तो शब्द शोधण्याच्या क्रियेवर. त्यामुळे आलागेला पाहुणा अर्धा तास बसून जातो आणि जाताना सुनेला सांगतो, ‘यांना काहीएक झालेले नाही, किती छान बोलल्या!’ त्या सुनेच्या मनाचे काय होत असेल ते आपणच ताडा.

असे का होते? अल्झायमरचा आजार मेंदूत बहुधा एका ठरावीक वाटेने पसरतो. दोन प्रथिनांचा त्यात हात असतो. एक पेशींच्या बाहेर साचते, दुसरे पेशींच्या आत गुंते करते, आणि हे काम लक्षणे दिसू लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे गुपचूप चालू असते. गुंत्यांचा पहिला मुक्काम पडतो तो मेंदूच्या बाजूच्या खंडात, आतल्या अंगाला, जिथे ताज्या अनुभवांची नोंद होते. म्हणून सकाळी काय जेवलो ते आठवत नाही. तिथून आजार त्याच खंडाच्या बाहेरच्या भागाकडे सरकतो. त्या बाजूला वस्तूंची नावे आणि त्यांचे अर्थ यांचा साठा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ती शब्दांची कोठीची खोली. वाक्य जुळवण्याचे काम मात्र बरेचसे कपाळामागच्या भागात चालते, आणि तो भाग तुलनेने उशिरापर्यंत शाबूत राहतो. म्हणजे स्वयंपाकघर चालू आहे, चूल पेटली आहे, पण कोठीतून जिन्नस येत नाहीत. अशा वेळी सुगरण काय करते? जे हाताशी आहे त्यावर भागवते. नाम मिळाले नाही की सर्वनाम वापरते. (स्मृतिभ्रंशाच्या काही विरळ प्रकारांत याच्या उलट, स्मृती टिकते आणि भाषाच प्रथम ढासळते. मेसुलम या अमेरिकेतील तज्ज्ञाने १९८२ साली तशा रुग्णांचे वर्णन केले. तो वेगळा विषय आहे.)

इथे आपल्या मराठीविषयी एक निरीक्षण सांगतो. ते माझे स्वतःचे आहे, तेव्हा चूक असल्यास दोष माझा. मराठीत ‘ते हे’, ‘अमके’, ‘त्याचे ते’ हे शब्द सर्वांच्याच तोंडी असतात. शिवाय आपले क्रियापद कर्त्याचे लिंग-वचन सांगून टाकते. ‘आली होती, देऊन गेली’ एवढे म्हटले तरी वाक्य पुरे वाटते; कोण आली, काय देऊन गेली, हे ऐकणारा आपल्या मनाने भरतो. त्यातून आपण घरात माणसांना नावाने कमी आणि नात्याने अधिक हाका मारतो. ‘अगं’, ‘अरे’, ‘बाळ’, ‘वहिनी’ यांवर एखादी बाई वर्षभर संसार चालवू शकते आणि नावे गेली आहेत याचा कोणाला पत्ता लागत नाही. आत्या मला जन्मभर बाळ म्हणत आली होती. ती दुधाच्या गवळ्यालाही बाळ म्हणू लागली, हे माझ्या पत्नीने मला सांगितले होते. मी त्यावर विनोद केला होता.

आता आपल्यापैकी काही मंडळी अस्वस्थ झालेली मला दिसत आहेत. परवा बाजारात भेटलेल्या गृहस्थाचे नाव आठवले नाही, तेव्हा आपलेही...? तसे समजू नका. माणसांची नावे विसरणे, शब्द जिभेवर येऊन अडणे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आपोआप आठवणे, हे वयाचे साधे लक्षण आहे; ते मलाही आहे. काळजी करावी ती वेगळ्या गोष्टींची. रोजच्या वापरातल्या वस्तूचे नाव पुनःपुन्हा नाहीसे होणे, कोणी सांगितल्यावरही ते पकडता न येणे, आणि हे महिन्यागणिक वाढत जाणे. जिने साठ वर्षे पाट्यावर चटणी वाटली तिला वरवंटा सापडू नये, ही गोष्ट उपासाने होत नाही.

बोलण्यातला हा फरक मोजता येतो का? येतो, आणि त्यासाठी काही वेळा माणसालाही भेटावे लागत नाही. त्याचे लिखाण पुरते.

आयरिस मर्डॉक ही इंग्लंडातली मोठी कादंबरीकार. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवीत असे. सव्वीस कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १९५४ सालची, शेवटची ‘जॅक्सन्स डिलेमा’ १९९५ सालची. शेवटची कादंबरी आली तेव्हा टीकाकार जरा बुचकळ्यात पडले. १९९७ साली तिला अल्झायमर असल्याचे निदान झाले, १९९९ साली ती वारली, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत निदान पक्के ठरले. लंडनच्या पीटर गॅरार्ड या मेंदुतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिची पहिली कादंबरी, १९७८ साली बुकर पारितोषिक मिळवणारी ‘द सी, द सी’, आणि ही शेवटची, अशा तिन्ही शेजारी ठेवून तपासल्या. ही बाई हाताने लिहीत असे आणि संपादकांची ढवळाढवळ तिला खपत नसे. त्यामुळे जे छापले गेले ते तिचेच, हे या कामाला सोयीचे झाले. काय आढळले? वाक्यरचना जवळपास पूर्वीसारखीच होती. व्याकरण ढळले नव्हते. पण शब्दभांडार आकुंचित झाले होते. नवे नवे शब्द येण्याचे प्रमाण घटले होते, आणि जे येत होते ते अधिक साधे, अधिक वापरातले होते. निदान होण्याच्या आधीची ही कादंबरी आहे, हे ध्यानात घ्या. आमच्या आत्याने ओटीपलीकडे जे केले तेच ऑक्सफर्डच्या विदुषीने छापील पानावर केले होते. फरक इतकाच की तिच्या नवऱ्याला, प्रकाशकाला आणि वाचकांना त्याचा अर्थ कळला नाही, आणि इथे मला.

दुसरे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल : ॲगाथा ख्रिस्ती. तिच्याविषयी जपून बोलले पाहिजे, कारण तिच्या हयातीत तिला असा आजार असल्याचे निदान कधी झाले नव्हते. टोरोंटो विद्यापीठातले इयन लँकाशायर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी तिच्या निरनिराळ्या वयांतल्या कादंबऱ्यांतले शब्द संगणकाने मोजले आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लिहिलेल्या कादंबरीच्या तुलनेत १९७२ सालच्या ‘एलिफंट्स कॅन रिमेम्बर’ या कादंबरीत शब्दसंपत्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती. आणि ‘काहीतरी’, ‘ती गोष्ट’ अशा मोघम शब्दांचे व त्याच त्या पदावलींचे प्रमाण वाढले होते. आता हे कथानक पाहा. एक वृद्ध होत चाललेली लेखिका जुन्या मृत्यूंचे कोडे सोडवण्यासाठी लोकांच्या आठवणी गोळा करीत हिंडते. आठवण हाच कादंबरीचा विषय. वाचकांना तिच्यात वयांचे आणि सालांचे मेळ न बसणारे तपशील सापडले आहेत. जिने आयुष्यभर कोण, केव्हा, कुठे होता याचे काटेकोर हिशेब मांडले, तिच्या हातून ते निसटले होते.

पहिल्या रांगांसाठी एक दिलासा देऊन पुढे जातो. पुढे २०११ साली हीच मोजणी पी. डी. जेम्स या रहस्यकथा-लेखिकेच्या कादंबऱ्यांवरही केली गेली. तिच्यात असा उतार आढळला नाही. त्याच वर्षी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तिने आणखी एक कादंबरी प्रसिद्ध केली! तेव्हा म्हातारपण म्हणजे शब्दांची ओहोटी, असा काही निसर्गाचा नियम नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मला मुळीच मान्य नाही. ती म्हण उच्चारून आपण आजारालाही वय म्हणतो आणि डॉक्टरकडे जाण्याचे टाळतो.

शब्दांची गोष्ट इथवर झाली. पण गोष्ट म्हणजे केवळ शब्द नव्हेत. गोष्ट सांगणाऱ्याला एकाच वेळी अनेक सूत्रे हातात धरावी लागतात. कोण कोणाला बोलले, आधी काय झाले आणि नंतर काय, कशामुळे काय घडले, आणि ऐकणाऱ्याला आतापर्यंत काय सांगून झाले आहे. यातले शेवटचे सूत्र सर्वांत नाजूक. ‘ती’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात कोणती ती उभी राहील, याचे भान ठेवावे लागते. हे भान ताज्या स्मृतीवर चालते, आणि नेमकी तीच दुबळी झालेली असते.

तज्ज्ञांच्या दवाखान्यात याची परीक्षा एका चित्राने घेतात. हे चित्र बॉस्टनच्या गुडग्लास आणि कॅप्लन या दोघांनी १९७२ साली आपल्या भाषा-चाचणीत घातले आणि ते जगभर गेले. स्वयंपाकघरात आई बशी पुसते आहे. तिच्या मागे मुलगा तिवईवर चढून बरणीतली बिस्किटे चोरतो आहे, तिवई कलंडते आहे, मुलगी हात पुढे करून उभी आहे; आणि आईपुढच्या मोरीतले पाणी भरून जमिनीवर वाहते आहे. निरोगी माणूस म्हणतो, आईचे लक्ष नाही, म्हणून मुलांचे फावले आहे, आणि आता पोरगा पडणार. आजाराच्या आरंभी असलेला माणूस म्हणतो, बाई आहे, ती ते पुसते आहे, तो ते घेतो आहे, पाणी आहे. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण ‘म्हणून’ नाही आणि ‘आता’ नाही. चित्रातल्या वस्तू दिसतात. त्यांच्यातली गोष्ट दिसत नाही. आत्याला आमच्या तज्ज्ञाने म्हणीचा अर्थ विचारला होता, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. ती म्हणाली, “मग सारवून घ्यावं.” आम्हाला वाटले, थट्टा करते आहे. ती आयुष्यभर थट्टेखोरच होती. त्यामुळे हेही कळायला वेळ लागला.

दुसरी परीक्षा आपल्याला सोपी वाटेल. एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायची. धडधाकट माणूस गोठ्यात शिरतो, गाय, म्हैस, बैल, शेळी. गोठा संपला की रानात जातो. रान संपले की पाण्यात उतरतो. आजारी माणूस गोठ्यातच अडकतो, दोनदा गाय म्हणतो आणि थांबतो. एखाद्या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा म्हटले तर आरंभीच्या काळात त्याला तुलनेने बरे जमते. कारण उघड आहे. अक्षर ही बाहेरची खूण. ‘प्राणी’ हा अर्थाचा कप्पा, आणि कोलमडला आहे तो कप्पा.

आता घराघरांत भांडणे होतात त्या दोन गोष्टींकडे वळतो. एक, तीच ती गोष्ट पुनःपुन्हा सांगणे. १९४८ साली वाड्यात चोर शिरला होता ही गोष्ट आत्याने तिच्या आईकडून ऐकलेली. ती एका संध्याकाळी चार वेळा सांगे, आणि चारही वेळा तितक्याच रंगून. माझा मुलगा चिडे. गोष्ट जुनी आणि घोटलेली, म्हणून ती टिकते. जुनी स्मृती नव्या स्मृतीनंतर जाते हे रिबो या फ्रेंच पंडिताने १८८१ सालीच मांडले होते. आपण ती दहा मिनिटांपूर्वी सांगितली, ही गोष्ट मात्र नवी, म्हणून तिची नोंदच झालेली नसते. सांगणाऱ्याच्या लेखी ती प्रत्येक वेळी पहिलीच वेळ असते. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. आत्याच्या बांगड्या सापडेनाशा झाल्या. त्या तिनेच तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. ‘वहिनीने नेल्या,’ ती शेजारी जाऊन म्हणाली. कधी नेल्या, कोणते लुगडे नेसून आली होती, सगळे तपशिलाने सांगितले. माझी आई तेव्हा पंचाहत्तरीची. तिने आत्याशी पाच महिने बोलणे टाकले. स्मृतीत भोक पडले की मन ते भरून काढते, आणि कशाने भरते? गोष्टीने. आत्याच्या मते ती जे सांगत होती ते घडले होते. हे मला ठाऊक असायला हवे होते, आणि मी आईला ते वेळेवर सांगायला हवे होते.

उपायांविषयी फार बोलत नाही, कारण फार नाहीत. पहिले म्हणजे प्रत्येक विसर अल्झायमरचा नसतो. गलग्रंथीचे मंदावणे, ब १२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचा खिन्नपणा, कानाला कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या, यांनीही माणूस असाच गोंधळतो, आणि हे सुधारते. म्हणून लवकर दाखवावे. आजवरच्या गोळ्यांनी थोडा आधार मिळतो. २०२३ आणि २०२४ साली अमेरिकेत दोन नव्या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती आरंभीच्याच काळात देतात, आजाराची चाल थोडी मंदावतात, गेलेले परत आणीत नाहीत, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होतो की काय यावर डोळा ठेवावा लागतो. आपल्या देशातून आलेली एक आशादायक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांची पाहणी करून २०१३ साली दाखवले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांतसुद्धा हा फरक होता. सगळीकडच्या पाहण्या याला दुजोरा देत नाहीत, हेही खरे. पण सीमेवरच्या गावात मराठी-कानडी दोन्ही बोलणाऱ्या बाजारकरणीला हे ऐकून बरे वाटेल.

बोलण्याच्या बाबतीत मात्र आपल्याला काही करता येते, आणि ते मी परक्यांकडून शिकलो. अमेरिकेत मिलवॉकी येथे ॲन बॅस्टिंग नावाची नाट्यशास्त्राची अध्यापिका १९९० च्या दशकात एका वृद्धालयात स्मृतिभ्रंशाच्या माणसांकडून आठवणी वदवून घेण्याची खटपट करीत होती. आठवड्यांमागून आठवडे गेले, कोणी तोंड उघडीना. एक दिवस तिने मासिकातून सिगारेटच्या जाहिरातीतला घोडेस्वार फाडून काढला आणि म्हटले, आठवणी राहू द्या, याची गोष्ट रचू या. याचे नाव काय ठेवायचे? आणि ती मंडळी बोलू लागली, गाऊ लागली, हसू लागली. पुढे तिने यातून एक पद्धतच बसवली. चित्र दाखवायचे, ज्याला एकच बरोबर उत्तर आहे असा प्रश्न विचारायचा नाही, जे सांगतील ते सगळे लिहून घ्यायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे.

आपण घरी नेमके उलटे करतो. ‘सांग बघू, हा कोण?’ ‘काल कोण आले होते?’ ‘आज वार कोणता?’ पाहुण्यांसमोर ही तोंडी परीक्षा चालते आणि म्हातारे माणूस ओशाळून गप्प होते. मीही ती घेतली आहे. पुढे आम्ही ती सोडली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एका धनगरिणीचे चित्र होते. माझी नात त्या वेळी सहा वर्षांची. ती आत्याला विचारी, “पणजीआत्या, ही कुठे चाललीय गं?” आत्या कधी म्हणे माहेरी, कधी म्हणे कज्जा लावायला. मग पुढे गोष्ट चाले. शब्द अडला की नात आपला शब्द घाली, आणि बरोबर की चूक हे पाहणारे तिथे कोणी नसे. मोठ्यांनीही एक गोष्ट शिकली. आत्या ‘ती’ म्हणाली की ‘कोण ती?’ असे दरडावायचे नाही; आपणच पुढच्या वाक्यात हळूच म्हणायचे, ‘मग राणीने काय केलं?’ एवढ्या आधाराने ती आणखी चार वाक्ये चालत असे.

कहाणीचेही तसेच केले. २०१४ च्या श्रावणापासून मधला भाग शेजारच्या काकू सांगू लागल्या. आरंभ आणि शेवट आत्याचा. कोणी कोणाला काही समजावून सांगितले नव्हते. काकू वरवंट्यापाशी आल्या की क्षणभर थांबत आणि आत्याकडे पाहत. दोन वर्षे ती नुसती हसली.

आत्या २०१९ साली गेली. त्याच्या आधीच्या श्रावणात शब्द जवळजवळ संपले होते. शुक्रवारी पत्नीने तिच्या मुठीत अक्षता दिल्या. बायकांची कहाणी झाली. मी दवाखान्यातून आलो तो ओटीवरून आत डोकावलो. आत्याने माझ्याकडे पाहिले, “कुणाचा रे तू?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता मुलेबाळे लांब असलेल्या आया उडवतात तशा चारी दिशांना अक्षता उडवल्या. चार दाणे माझ्या चष्म्यावर पडले.